डोक्यात धरलेला कोड

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत चार दारं वाजवली की एखादं माणूस आयटीतलं निघतंच. कंपनीचं नाव घरच्यांना पाठ असतं, पॅकेजचा अंदाज शेजाऱ्यांनाही असतो. पण पोरगा किंवा पोरगी दिवसभर नेमकं करते काय, असं विचारलं की आईवडील एकमेकांकडे बघतात. 'कॉम्प्युटरवर काम असतं.' पुढे विषय बंद.

'न दिसणारे श्रम' हा अंकाचा विषय संपादकांनी फोनवर सांगितला तेव्हा मला हेच उत्तर आठवलं. म्हणून मी कोड लिहिणाऱ्यांकडे गेलो. त्यातही नवी ॲप काढणाऱ्यांकडे नाही. जुना, अवाढव्य, अनेकांचे हात लागलेला कोड जे सांभाळतात त्यांच्याकडे. पहिलंच वाक्य जवळपास सगळ्यांच्या तोंडून सारखं आलं: 'आम्ही लिहितो कमी, वाचतो जास्त.' दिवसभरात पाच ओळी बदलल्या तरी तो चांगला दिवस असू शकतो, आणि त्या पाच ओळींनी माणूस पिळून निघू शकतो. हे कसं होतं, ते समजून घ्यायचं होतं.

चौकटीची वही

कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये, देवघराला लागून असलेल्या खोलीत, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे मेनफ्रेमवरचे प्रोग्रॅम सांभाळतात. त्यांचं नाव छापायचं नाही, कंपनीचं नाही आणि स्क्रीनकडे तर बघायचंच नाही, अशा अटी होत्या. करारच तसा असतो. म्हणून त्यांनी मुलीची शाळेतली चौकटीची वही काढली आणि पेन्सिलीने दाखवायला सुरुवात केली.

त्या कोबोल लिहितात. ही भाषा १९५९ साली आकाराला आली आणि अजून बँका-विमा कंपन्यांचे हिशेब तिच्यावर चालतात. गोष्ट एका तिमाहीअखेरची. तिकडे रात्र झाली की दिवसभराच्या व्यवहारांची 'बॅच' सुरू होते, एकामागून एक शेकडो जॉब. तिकडे रात्रीचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसात. पोळ्या लाटत असताना फोन आला: जॉब अबेंड झालाय. म्हणजे मध्येच कोसळलाय. कारणाचा संकेतांक एस-झिरो-सी-सेव्हन. मेनफ्रेमवाले त्याला 'सॉक सेव्हन' म्हणतात. अर्थ इतकाच की जिथे आकडा असायला हवा तिथे आकडा नाही.

बाईंनी वहीत तीन चौकटी आखल्या. एका चौकटीत एक बाइट. मेनफ्रेमवर रक्कम दाबून साठवतात. एका बाइटमध्ये दोन अंक, आणि शेवटच्या बाइटच्या उजव्या अर्ध्या भागात चिन्ह: 'सी' असेल तर अधिक, 'डी' असेल तर उणे. १२५ डॉलर ५० सेंट हे तीन चौकटींत असे बसतात: १२, ५५, ०सी. मग त्यांनी खाली दुसऱ्या तीन चौकटी काढल्या आणि त्या सकाळी डंपमध्ये, म्हणजे कोसळताना यंत्राने टिपलेल्या नोंदीत, जे दिसलं ते लिहिलं: ४०, ४०, ४०. मेनफ्रेमच्या लिपीत ४० म्हणजे कोरी जागा. चिन्हाच्या जागी शून्य. यंत्राने तिथे हात टेकले.

'इथवर यायला पाच मिनिटं पुरतात,' त्या म्हणाल्या. 'खरं काम यापुढे.'

कोरी जागा आली कुठून? माल खराब आला म्हणावं, तर तीच फाइल त्याच रात्री आधीच्या सहा प्रोग्रॅमनी विनातक्रार वाचलेली. म्हणजे माल ठीक आहे, वाचणारा चुकतोय. पण वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कित्येक महिन्यांत कुणी हात लावलेला नाही, आणि मागच्या तिमाहीला तो नीट चालला होता. मग आत्ताच काय बिनसलं?

इथे त्या थांबल्या. 'आता बघा, या क्षणी माझ्या डोक्यात काय काय आहे.' वहीच्या समासात यादी झाली: रेकॉर्डमध्ये कुठला रकाना कितव्या घरापासून सुरू होतो, ही फाइल कुठल्या जॉबने लिहिली, मध्ये तिचा क्रम कुणी लावला, कुठला प्रोग्रॅम कधी चालतो, मागच्या वेळेपासून काय काय बदललं. 'यातलं एक जरी निसटलं, की पुन्हा पहिल्यापासून. आणि तेवढ्यात चॅटवर ऑनसाइटचा मुलगा विचारतो, एनी अपडेट?'

उलगडा झाला तो कोड वाचून नव्हे. मधल्या काळात रेकॉर्डमध्ये एक नवा रकाना घातला गेला होता, त्यामुळे रक्कम काही घरं पुढे सरकली होती. रेकॉर्डची मांडणी ज्यात लिहिलेली असते त्याला कॉपीबुक म्हणतात. ते बदललं की ते वापरणारा प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो. सगळे केले होते. तीन महिन्यांतून एकदाच चालणारा हा एक राहून गेला. तो जुन्या मांडणीनुसार जुन्याच जागी रक्कम शोधायला गेला, आणि तिथे आता नव्या, अजून न भरलेल्या रकान्याची कोरी घरं होती. बाईंनी कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमवरची तारीख पाहिली. ती कॉपीबुकच्या बदलाआधीची होती. बास.

पुन्हा कंपाइल, तिकडून मंजुरी, कोसळलेल्या पायरीपासून जॉब पुन्हा सुरू. तिकडे सकाळचे सहा वाजायच्या आत, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेतीनच्या आत सगळं उरकायचं होतं. ते उरकलं. स्क्रीनवर आलं: मॅक्स सीसी झिरो. म्हणजे सगळं सुरळीत. टाळ्या नाहीत, फोन नाही. 'दुपारी चारला जेवले. भाजी कसली होती आठवत नाही. ती तारीख मात्र अजून डोळ्यांसमोर आहे,' असं सांगताना बाईंचा चेहरा खुलला होता.

डोक्यात मावतं किती

बाईंनी समासात केलेल्या यादीत पाच गोष्टी होत्या. मानसशास्त्राच्या हिशेबाने ते आधीच जास्त झालं. माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो, असं जॉर्ज मिलर यांनी १९५६मध्ये मांडलं. नेल्सन कोवान यांनी २००१मध्ये तो आकडा चारपर्यंत खाली आणला. जुन्या कोडमधल्या एका दोषाला मात्र दहा धागे असू शकतात. अनुभवी माणूस यातून वाट काढतो ती अनेक धाग्यांची एकच मोळी बांधून. 'क्रम लावणारा जॉब' एवढं म्हटलं की बाईंच्या डोक्यात त्याच्या पोटातल्या वीस पायऱ्या आपोआप येतात. नवख्याला त्या वीसही सुट्या सांभाळाव्या लागतात. म्हणून तोच प्रश्न नवख्याला तिप्पट दमवतो.

कोड वाचणं हे मजकूर वाचण्यासारखं असेल अशी आपली समजूत असते, कारण कोडलाही 'भाषा'च म्हणतात. एमआयटीतल्या संशोधकांनी २०२०मध्ये प्रोग्रामरना स्कॅनरमध्ये ठेवून त्यांना कोडचे तुकडे समजून घ्यायला लावले. मेंदूतली भाषेची केंद्रं फारशी जागी झाली नाहीत. कामाला लागलं ते वेगळंच जाळं, गणित किंवा अवघड कोडी सोडवताना जे राबतं ते. कादंबरी वाचता वाचता माणूस विसावतो; कोड वाचताना तो सतत काहीतरी सोडवत असतो.

घरच्यांच्या तक्रारीचं मूळ इथेच सापडतं. एका प्रोग्रामरच्या बायकोने मला नेमक्या शब्दांत सांगितलं: 'ताटावर बसलेला असतो, हूं हूं करतो. अंगाने इथे, डोकं तिकडे.' लॅपटॉप मिटला तरी डोक्यातली मांडणी मिटत नाही. ती मोडू नये म्हणून माणूस जपून बसलेला असतो. मोडली तर उद्या पुन्हा तासभर घालून उभी करायची. एखादी पाच मिनिटांची मीटिंग या लोकांना का खुपते, तेही यावरून कळतं. मीटिंगची पाच मिनिटं कॅलेंडरवर दिसतात, पुन्हा उभं करण्याचा तास कुठेच दिसत नाही.

एका 'र'साठी

नवी पेठेत भाड्याच्या खोलीत राहणारा एक तिशीच्या आतला मुलगा भेटला. दिवसा खराडीच्या कंपनीत नोकरी. रात्री, बिनपगारी, ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट उमटावी म्हणून खटपट.

त्याने लॅपटॉपवर 'मूर्तिकार' टाइप केलं आणि विचारलं, 'काका, वेलांटी कुठे आहे?' 'त'च्या आधी, मी म्हटलं. 'ती दिसायला. साठवलेली बघा.' खालच्या खिडकीत शब्द सुटा होऊन पडला: म, दीर्घ उकार, र, हलन्त, त, ऱ्हस्व वेलांटी, क, काना, र. आपण उच्चारतो त्या क्रमाने. दिसताना मात्र वेलांटीने 'त'ला ओलांडून अलीकडे यायचं, आणि अर्ध्या 'र'ने आपली जागा सोडून 'त'च्या डोक्यावर रफार होऊन बसायचं. फोनवर प्रत्येक मराठी शब्द उमटताना ही हलवाहलव डोळ्याचं पातं लवायच्या आत होते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सगळ्यांमध्ये हे काम हार्फबझ नावाचा कोड करतो. बेहदाद एस्फाहबोद हे त्याचे मुख्य कर्ते.

मग त्याने 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' शेजारी शेजारी लिहिलं. पहिले शिकवतात, दुसरे स्वयंपाक करतात. दुसऱ्या शब्दातला आडवा 'र' मराठीला हवा, नेपाळीलाही हवा, हिंदीला लागत नाही. तो साठवायच्या रीती दोन. काही जण खाली टिंब असलेला 'ऱ' घेतात. काही जण साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधायला जा, एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. शिवाय जुने फॉन्ट अक्षरांच्या एका क्रमाची अपेक्षा करतात, नवे दुसऱ्या. जुने फॉन्ट जगभरातून गोळा करून फेकता येत नाहीत, म्हणून कोडमध्ये दोन्ही वाटा चालू. अधूनमधून टिपा: विंडोज इथे असं वागतं, तेव्हा आपणही तसंच वागायचं.

त्याला एक छोटा दोष काढायचा होता. एका फॉन्टमध्ये आडव्या 'र'नंतरची मात्रा भलत्या जागी पडत होती. त्याने एक बदल केला. मराठी सुधारलं, नेपाळी बिघडलं. चाचण्यांच्या यादीत लालच लाल. बदल मागे घेतला, दुसरीकडून प्रयत्न केला. कित्येक रात्री यात गेल्या. शेवटी कळलं की कोड बरोबर आहे. फॉन्टच्या तक्त्यात एक नियमच राहिलेला आहे. त्याने फॉन्ट करणाऱ्यांना कळवलं. हार्फबझची एकही ओळ त्याने बदलली नाही.

'म्हणजे एवढी मेहनत फुकट?' मी विचारलं.

'छे! आता ते कसं चालतं हे मला माहीत आहे ना.'

पगार, श्रेय, दाखवायला एखादी ओळ, यातलं काहीच हाती नसताना तो हे मनापासून म्हणत होता. या मंडळींचं समाधान बहुतेक वेळा असंच असतं. वस्तू तयार झाल्याचं कमी, गुंता उकलल्याचं जास्त.

अशा उकलीचं जाहीर उदाहरणही आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये तेलुगूतल्या एका अक्षरगटाने आयफोनची ॲप कोलमडत होती. मोझिलात काम करणाऱ्या मनीष गोरेगावकर यांनी ॲपलचा कोड हाताशी नसताना, एकेक अक्षर बदलून बघत, दाखवून दिलं की दोष एकट्या तेलुगूचा नाही. ठरावीक जोडाक्षर, त्यापुढे एक न दिसणारं चिन्ह आणि मग स्वर, असा क्रम आला की बंगाली आणि देवनागरीतही तेच घडतं. लोकांना तो गमतीचा 'किलर मेसेज' वाटत होता. त्याच्यामागचा नियम कुणीतरी असा बसून शोधून काढला होता.

'चालतंय ना? मग हात लावू नको'

हे वाक्य हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांच्या कुठल्याही मजल्यावर ऐकू येतं. बाहेरच्याला तो आळस वाटेल. पण त्यामागे भीती असते, आणि ती बिनबुडाची नसते. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलालीच्या कंपनीला १ ऑगस्ट २०१२ पासून वापरायचा नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. एकावर तो चढलाच नाही. नव्या कोडसाठी जे बटण पुन्हा वापरलं होतं, त्यानेच त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि वेड्यासारख्या ऑर्डरी सोडू लागला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. मेलेला समजलेला कोड मेलेला नसतो, हे ज्याने एकदा पाहिलं तो जुन्या ओळीला हात लावताना दहादा विचार करतो.

कोथरूडच्या बाईंच्या कोडमध्ये एके ठिकाणी टीप आहे: 'बदलण्याआधी विचारा', आणि पुढे नुसती दोन आद्याक्षरं. ते गृहस्थ कधीच निवृत्त झाले. आता विचारायचं कुणाला?

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५मध्येच एका निबंधात यावर बोट ठेवलं होतं. प्रोग्रॅम म्हणजे कागदावरच्या ओळी नव्हेत; तो करणाऱ्यांच्या डोक्यात असलेली समज हाच खरा प्रोग्रॅम. ती माणसं पांगली की कोड चालू राहिला तरी प्रोग्रॅम मेला. लग्नघरातल्या एखाद्या मावशीला आहेराची पिशवी कुठे, कुणाचा मान आधी, कुठल्या आत्याशी कुणाचं पटत नाही, सगळं ठाऊक असतं. तिने यादी करून दिली तरी कार्य पार पडतं ते ती मांडवात असते म्हणूनच. आयटीत या यादीला 'केटी' म्हणतात. नोकरी सोडणाऱ्याने नोटीस पिरियडमध्ये आपलं ज्ञान पुढच्याला द्यायचं. दहा-बारा कॉल रेकॉर्ड होतात, फायली शेअर होतात, आणि जो गेला त्याला पुढचे सहा महिने व्हॉट्सॲपवर मेसेज येत राहतात.

ताण, बाहेरचा आणि आतला

अवघडपणाचा ताण या लोकांना सहसा मोडत नाही. किंबहुना त्याचीच त्यांना ओढ असते. मोडतो तो वरून पडणारा ताण: समजायला वेळ न देता मागितलेली तारीख, रात्रीबेरात्री वाजणारा ऑन-कॉलचा फोन, आणि एकट्यावर पडलेली जबाबदारी.

एक्सझेडची हकिगत याचा धडा आहे. फाइली दाबून लहान करणारं हे छोटं साधन जगभरातल्या लिनक्स यंत्रांत असतं. फिनलंडचे लासे कोलिन ते वर्षानुवर्षं एकटे, बिनपगारी सांभाळत होते. २०२२मध्ये काही जण त्यांच्यामागे जाहीरपणे लागले: काम रेंगाळतंय, दुसऱ्याच्या हाती द्या. आपल्याला दीर्घकाळ मानसिक त्रास आहे आणि हे काम हौसेचं आहे, असं त्यांनी लिहिलं. 'जिया टॅन' नाव धारण केलेल्या कुणीतरी मदतीचा हात पुढे केला, विश्वास मिळवला, आणि २०२४च्या सुरुवातीला त्यात चोरवाट घुसवली. दमलेल्या माणसाच्या दमणुकीचाच तो घेतलेला फायदा होता.

ती चोरवाट सापडली तीही या धंद्याच्या दुसऱ्या गुणामुळे. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला आपल्या यंत्रावर दूरस्थ लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्ध्या सेकंदाकडे कुणीही काणाडोळा केला असता. त्यांना स्वस्थ बसवेना. ते खणत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं उघड केलं.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी या अस्वस्थतेला रीतसर मान दिला. आपल्या पुस्तकाची छपाई मनासारखी होईना म्हणून त्यांनी १९७७मध्ये टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम हाती घेतला. लवकर संपेल वाटलेलं काम दहा वर्षांवर गेलं. झालेली प्रत्येक चूक त्यांनी नोंदवून ठेवली आणि ती यादी छापलीही. पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. बहुतेकांनी ते वटवले नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावले.

लिहिणारं यंत्र, वाचणारा माणूस

आता कोड एआय लिहितो, मग हे सगळं संपणार का, असं मी प्रत्येकाला विचारलं. नवी पेठेतला मुलगा म्हणाला, 'लिहायचं काम आधीही थोडंच होतं. आता दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं काम वाढलं.' मेटर या संस्थेने २०२५मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्या ओळखीच्या मोठ्या कोडवर एआयसह आणि एआयविना कामं दिली. एआयमुळे आपला वेळ २० टक्के वाचला असं त्यांना वाटत होतं. घड्याळाने दाखवलं की १९ टक्के जास्त लागला. साधनं सुधारतील, आकडे बदलतील. पण स्वतःच्या डोक्यात न उतरलेला कोड चालवायची जबाबदारी तेव्हाही माणसावरच राहील, आणि रात्री फोन त्यालाच येईल.

आठवड्याला ७० तास काम करावं, असं इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती २०२३मध्ये म्हणाले आणि देशभर वाद झाला. कोडपुरतं बोलायचं तर तो वादच चुकीच्या मापावर झाला. या कामाचं माप खुर्चीतल्या तासांत नाही आणि लिहिलेल्या ओळींतही नाही. सलग शांततेचे तीन तास जे उकलून देतात, ते तुटक बारा तासांना जमत नाही.

म्हणून मॅनेजर मंडळींना सांगणं एवढंच: समजून घेण्याचा वेळ प्लॅनमध्ये लिहून द्या, आणि कुठलाही कोड एकाच डोक्यावर सोडू नका. घरच्यांना: स्क्रीनकडे बघत गप्प बसलेल्याला 'काम नाही का आज?' असं विचारू नका. आणि जे कोड लिहितात त्यांना: काय केलंय ते कोड सांगतोच, का केलंय ते फक्त तुम्हाला माहीत असतं. ते आजच, आद्याक्षरांऐवजी पूर्ण वाक्यात लिहून ठेवा.